नळीवरचं नाव

हुफनागलांच्या कारखान्यात एक नियम होता आणि तो देवाच्या दहा आज्ञांपेक्षा कडक पाळला जायचा. रायफलची नळी कितीही देखणी होवो, सामना जिंकल्याशिवाय तिच्यावर करणाऱ्याचं नाव ठोकायचं नाही. आजोबांनी घालून दिलेला नियम. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, तरी त्यांचा धाक पेनसिल्व्हेनियातल्या त्या अरुंद खोऱ्यात, नाल्याकाठच्या पत्र्याच्या छपराखाली अजून टिकून होता.

लुएला त्रेचाळीस वर्षांची होती आणि त्यातली वीस वर्षं तिने त्या छपराखाली घालवली होती. पोलादी कांब आरपार भोसकायची, आतून पिळाच्या खाचा पाडायच्या, शिशाचा बोळा खालीवर ओढून आतली भिंत आरशासारखी घासायची, हे सगळं ती करायची. नाव मात्र बापाचं. ‘ओ. हुफनागल.’ म्हणजे ऑरिन हुफनागल, वय चौऱ्याहत्तर, खोऱ्यातला सगळ्यात हट्टी माणूस. आणि हट्टात दुसरा नंबर कोणाचा, हे विचारायची गरज कोणाला पडत नसे.

कारण लुएलाला सरळ नळी करायचा कंटाळा यायचा. तिला प्रयोग हवे असायचे. एकदा तिने पातळ नळीभोवती काचेचे धागे राळेत बुडवून गुंडाळले. विसाव्या गोळीला राळ तापली आणि असा वास सुटला की शेजारच्या टेबलांवरचे नेमबाज जागा सोडून उठले. दुसऱ्या खेपेला नळी आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये बारीक वाळू भरली, हादरे शोषून घेईल म्हणून. सामन्याच्या मध्यावर वाळू गळायला लागली. टेबलाखाली वाळूचा सुबक ढीग झाला आणि त्यावर क्लबच्या मांजरीने काय केलं, ते हार्लन वेंगर्ट अजून सांगतो.

हा हार्लन म्हणजे कटल रन क्लबचा नावाजलेला नेमबाज. दोन वेळचा विजेता, आवाज बैलासारखा, जिभेला हाड नाही. त्याची रायफल साधी, जाड नळीची, त्या नळीवर ठसठशीत ‘ओ. हुफनागल.’

जानेवारीत लुएलाने नवं खूळ काढलं. नळी बोरूसारखी बारीक करायची. ती मनगटाएवढ्या अॅल्युमिनियमच्या नळकांड्यात घालायची आणि पुढच्या टोकाला नट लावून आवळायची, म्हणजे आतली नळी फिडलच्या तारेसारखी ताणली जाईल. ताण बरोबर बसला की गोळी सुटताना नळीचं तोंड प्रत्येक वेळी एकाच जागी असेल. निदान लुएलाचं म्हणणं असं होतं.

ऑरिनने कच्चं चित्र पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

“हे काय आहे?”

“नळी आहे, पॉप.”

“नळी? माझ्या आईच्या स्टोव्हला असलं धुराडं होतं. तेही याच्याहून सरळ होतं.”

“करून तर बघू द्या!”

“बघ. पण शेवटचं. ऑगस्टच्या सामन्यात हे धुराडं जिंकलं, तर मी स्वतः तुझं नाव ठोकीन त्याच्यावर. तुझं एकटीचं. आणि नाही जिंकलं, तर प्रयोग बंद. गुपचूप सरळ नळ्या करायच्या, जशा मी करतो, जशा माझ्या बापाने केल्या. कबूल?”

“कबूल,” लुएला म्हणाली. प्रयोग बंद म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य एकाच मापाच्या नळ्या.

मग ती कामाला भिडली. फेब्रुवारीभर नट आवळायची, गोळ्या झाडायची, सैल करायची, पुन्हा झाडायची. कागदावरच्या भोकांचे पुंजके कधी मण्याएवढे, कधी बशीएवढे. मार्चमध्ये एके दिवशी चिडून तिने स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ नळकांड्यावर आपटली. ठण्ण! आवाज बराच वेळ घुमला. तिने नट थोडा आवळला, पुन्हा आपटलं. घुमणं कमी झालं. आणखी थोडा. आणि एका जागी आवाज आला नुसता ‘ठक्’. कोरडा, दारावर टकटक केल्यासारखा. तिने तिथेच पाच गोळ्या झाडल्या आणि कागद बघून इतक्या मोठ्याने किंचाळली, की ऑरिन अंगणातून कुऱ्हाड घेऊन धावत आला.

“काय झालं? साप?”

“ठक्, पॉप! ठक् झालं की ताण बसतो!”

ऑरिनने कागद पाहिला. पाच गोळ्या एकाच भोकात. तो परत लाकडं फोडायला गेला, पण कुऱ्हाडीचा एकही घाव नीट पडला नाही, हे लुएलाने खिडकीतून पाहिलं.

ऑगस्ट उजाडला. कटल रनचा सामना दोन दिवसांचा. रोज दोनशे यार्डांवर चार कागद, प्रत्येक कागदावर सात मिनिटांत पाच गोळ्या, आणि आठ पुंजक्यांची बेरीज ज्याची सगळ्यात लहान तो विजेता. इथे मध्यावर नेम बसला की नाही याला किंमत नाही. पाचही गोळ्या एकमेकींच्या किती जवळ, एवढंच मोजायचं. आणि पाचही एकाच भोकातून गेल्या अशी थाप कोणी मारू नये, म्हणून लक्ष्याच्या मागे कागदाची एक पट्टी हळूहळू सरकत असते. पुढे भोक एक दिसलं तरी मागच्या पट्टीवर पाच वेगळी भोकं उमटलीच पाहिजेत.

लुएलाने वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवली, तेव्हा हार्लनने हातातली कॉफी खाली ठेवली.

“लुएला, यंदा स्वयंपाकघर पण आणलंस का? धुराडं दिसतंय, चूल कुठाय?”

“चूल तुझ्या डोक्यात आहे, हार्लन. धूर दिसतोय मला.”

सगळे हसले. हार्लन सगळ्यात मोठ्याने. आणि मग लुएलाने पहिल्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या आणि हसणं थांबलं.

दुसरा कागद. तिसरा. चौथा. शनिवारच्या शेवटी आर्विला ड्रेसलरने, म्हणजे गेली अठ्ठावीस वर्षं पुंजके मोजणाऱ्या क्लबच्या पंचबाईने, भिंगातून मान वर केली आणि फळ्यावर पहिल्या जागी लुएलाचं नाव लिहिलं. दुसऱ्या जागी हार्लन, बराच खाली. लोक धुराड्याभोवती जमले. कोणी ठोकून आवाज ऐकत होतं, कोणी नट किती आवळायचा विचारत होतं. लुएला लपवून ठेवणारी नव्हती. सगळं सांगत होती, हातवारे करून, तोंडात हॅमचं सँडविच असताना.

“उद्याही अशीच चालली, तर मी माझी रायफल कुंपणाला वापरीन,” हार्लन म्हणाला. एवढी स्तुती त्याने आयुष्यात कोणाची केली नव्हती.

ऑरिन या गर्दीत नव्हता. तो ट्रकजवळ एकटाच उभा होता आणि नाक शिंकरत होता.

रविवारी सकाळी लुएलाने रायफलची पेटी उघडली आणि हात तसाच थांबला. नळकांड्याच्या पुढे, नटाच्या बाहेर, बारीक नळीचा जो तीन बोटं भाग उघडा असायचा, त्याच्यावर नाव होतं. ‘लुएला’. एकेक अक्षर पोलादी ठशाने ठोकलेलं, एका रेषेत, जुन्या हाताचं नीटनेटकं काम.

“पॉप?”

“काल संध्याकाळी तू चर्चच्या बायकांकडे कोंबडीचं सूप प्यायला गेलीस ना,” ऑरिन बुटांकडे बघत म्हणाला. “मला राहवेना.”

“पण सामना संपला नाहीये अजून! आजोबांचा नियम...”

“आजोबांनी असली नळी पाहिली नव्हती.”

वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते तिच्या बोटाखाली होतं. ती त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली आणि डोळे भरून आले. हार्लनने टाळ्या पिटल्या. आर्विलाने पाठीवर थाप मारली. अख्ख्या मैदानात नळ्या करणारे निदान सहाजण होते. त्यांतल्या एकाच्याही डोक्यात त्या क्षणी यायला हवं होतं ते आलं नाही. लुएलाच्याही नाही.

पहिला कागद. तिने निवांत पाच गोळ्या सोडल्या, दुर्बिणीतून पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला. पाच गोळ्या पाच दिशांना. चहाची बशी झाकणार नाही असा पुंजका.

“वारा असेल,” ती म्हणाली. झेंड्या मात्र गळाठून लटकत होत्या.

दुसऱ्या कागदाआधी तिने स्क्रूड्रायव्हरची मूठ नळकांड्यावर आपटली. ठक्. ताण बरोबर होता. तरी पुंजका पहिल्याहून वाईट. तिसऱ्याला तिने काडतुसं बदलली, श्वास बदलला, मनातल्या मनात देवाची करुणा भाकली. गोळ्या उधळल्याच. फळ्यावर तिचं नाव पहिल्यावरून चौथ्यावर आलं, मग नवव्यावर. पुढे हार्लन.

“धुराड्यात कावळ्याने घरटं केलं वाटतं,” हार्लन म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. मग तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “झालंय काय गं?”

जेवणाची सुट्टी झाली. चाळीस मिनिटं, त्यानंतर शेवटचा कागद. लुएलाने नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढला, रायफल आडवी ठेवली आणि शिशाची मऊ गोळी मागच्या बाजूने नळीत घालून दांड्याने हळूहळू पुढे ढकलायला लागली. नळीच्या आत डोळा पोचत नाही. तिथे हातालाच बघावं लागतं. गोळी लोण्यातून जावी तशी सरकत होती. सरकत होती, सरकत होती, आणि तोंडाजवळ आल्यावर अडली. तिने जोर लावला. सुटली. पुन्हा अडली. पुन्हा सुटली. बारीक बारीक धक्के, एकामागून एक, मोजून जेवढी अक्षरं तेवढे.

तिने दांडा बाहेर ओढला. ऑरिनच्या जाड नळीवर हातोडा घाला की घण घाला, आत काही कळत नाही. ही नळी बोरूसारखी. वरून अक्षर ठोकलं की आतली भिंत तिथे दबली. तीही केसाच्या कितव्यातरी भागाने, पण गोळीला तेवढं पुष्कळ. तिचं नाव आतून हाताला लागत होतं.

“दे इकडे,” ऑरिन मागून म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता, कळलंच नव्हतं.

“काही नाही पॉप, नट जरा...”

“दांडा दे म्हटलं ना.”

तिने दिला. ऑरिनने गोळी पुन्हा मागून घातली आणि ढकलली. पहिल्या धक्क्याला त्याचा हात थांबला. मग त्याने बाकीचे सगळे धक्के सावकाश मोजले, कोणी आपलीच शिक्षा वाचून घ्यावी तसे. पन्नास वर्षं नळ्या केलेला माणूस. त्याला काही सांगावं लागलं नाही.

“शिकाऊ पोरगासुद्धा असं करणार नाही,” तो म्हणाला. चेहरा राखेसारखा झाला होता. “तयार नळीवर हातोडा! मी! आणि तो नियम मोडून!”

“मी पण सकाळी बघितलं ना. मलाही सुचलं नाही.”

“तुला कसं सुचेल? तू रडत होतीस.”

“तुम्ही काल रडत होतात!”

“मला सर्दी आहे!”

हार्लनने घसा खाकरला. “तुम्हा दोघांचं झालं असेल, तर तेहतीस मिनिटं उरलीत. पुढचा तुकडा उडवला तर?”

तिघांनी एकदम नळीकडे पाहिलं. नाव नटाच्या पुढे होतं. नटाच्या मागे नळी निर्दोष होती. नाव कापून टाकलं की दोष गेला. इतकं सोपं, आणि लुएलाचा हात काही पुढे होईना. वीस वर्षांनी मिळालेलं नाव एका सकाळपुरतं टिकलं होतं.

“मी कापू का?” ऑरिन पडल्या आवाजात म्हणाला.

“नको. तुम्ही काल पुरेसं केलंत,” ती म्हणाली आणि उठली. “हॅकसॉ कोणाकडे आहे?”

मग जी पळापळ झाली तिला तोड नाही. हॅकसॉ निघाली आर्विलाच्या ट्रकमधून. नवं पातं दिलं तिसऱ्या नंबरवरच्या माणसाने, जो लुएला पडावी म्हणून सकाळपासून बोटं मोडत असणार. हार्लनने रायफल पोटाशी धरून ठेवली. लुएलाने नळीत चिंधीचा बोळा कोंबला, कीस आत जाऊ नये म्हणून, आणि नावाच्या मागे पातं टेकवलं. खर्र, खर्र, खर्र. तुकडा टणकन खाली पडला. तो कोणी उचलला, हे बघायला तिला वेळ नव्हता.

“अठरा मिनिटं!” आर्विला ओरडली.

आता नळीचं नवं तोंड. ते तिळभर जरी वाकडं राहिलं, तर गोळी सुटताना एका बाजूने जळत्या दारूचा वायू आधी निसटतो आणि तिला ढकलतो. ऑरिनने कानस घेतली. काटकोनाचा गुण्या लावून लावून तो तोंड सपाट करू लागला आणि लुएलाने पाहिलं, त्याचे हात कानशीवर दगडासारखे स्थिर होते.

“गोल डोक्याचा पितळी स्क्रू हवा!” ती ओरडली.

हार्लनने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग क्लबच्या भिंतीवरच्या आपल्या विजेतेपदाच्या लाकडी ढालीचाच एक स्क्रू पिळून काढला. तो हातड्रिलमध्ये बसवला, डोक्याला घासायची पेस्ट फासली, आणि लुएला नळीच्या तोंडावर तो गरगर फिरवू लागली, हात गोल गोल हलवत, म्हणजे कड सगळीकडून सारखी घासली जाईल. ऑरिन डोळा लावून बघत होता.

“अजून. डावीकडे अजून. बस! हात लावू नकोस आता!”

“तीन मिनिटं!”

तिने बोळा काढला, नळी पुसली, आणि पळत टेबल गाठलं. शिट्टी झाली.

मूठ आपटली. ठण्ण! अर्थात. नळी आखूड झाली, ताण बदलला. सात मिनिटं चालू होती आणि सगळे बाकीचे गोळ्या झाडत होते. तिने पान्ह्याने नट किंचित आवळला. ठण्ण. आणखी. ठण्. चारी बाजूंना रायफली कडाडत होत्या, आवाज ऐकायचा कसा? तिने कानातले बोळे आणखी आत दाबले, दात नळकांड्याला लावले आणि मूठ आपटली. घुमणं थेट डोक्यात शिरलं. नट केसभर फिरवला. आपटली. आणखी केसभर.

ठक्!

“चार मिनिटं गेली,” मागून ऑरिन पुटपुटला. “झाड, पोरी.”

तिने कागदाच्या खालच्या, मोजणीत न धरायच्या चाचणीच्या चौकोनात एक गोळी झाडली. दुसरी झाडली. दुसरी पहिलीच्याच भोकात! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. वरच्या चौकोनावर नेम. एक. दोन. झेंडी हलली, ती थांबली, झेंडी परत आली. तीन. चार. पाच. शेवटची शिट्टी आणि तिची पाचवी गोळी यांच्यात एका श्वासाचं अंतर होतं.

दुर्बिणीतून तिला एकच भोक दिसलं.

“चार गेल्या कुठे?” हार्लन म्हणाला. “कागदाबाहेर?”

कागद आणायला गाडी गेली आणि येईस्तोवर लुएलाने खालचा ओठ चावून चावून सुजवला. आर्विलाने पुढचा कागद बाजूला ठेवला, मागची सरकती पट्टी उजेडात धरली आणि बोट ठेवून मोठ्याने मोजलं.

“एक... दोन... तीन... चार...” ती मुद्दाम जरा थांबली. “पाच!”

मग भिंग लावून तिने पुंजका मोजला. दोनदा मोजला. इंचाच्या आठव्या भागाहूनही कमी. कटल रनच्या मैदानावर दोनशे यार्डांवर इतका लहान पुंजका आजवर कोणी मारला नव्हता. हार्लनने टोपी हवेत फेकली, ती छपरावर अडकली. लुएला उड्या मारत होती, त्रेचाळीस वर्षांची बाई, चारचौघांत, आणि तिला त्याची तिळभर लाज नव्हती.

सामना मात्र हार्लन जिंकला. आठ कागदांची बेरीज ती. सकाळचे तीन उधळलेले पुंजके कुठे जाणार? लुएला सातवी आली. ऑरिनच्या सरळ, जाड नळीने मुलीच्या धुराड्याला हरवलं होतं, आणि जानेवारीतला करार करारच होता. उड्या थांबल्यावर तिला तो आठवला.

सामना संपला की आर्विला प्रत्येकाच्या रायफलची नोंद करते. रायफल कोणाची, दुर्बीण कोणती, नळी कोणी केली. ती यादी लाकडी भिंतीवर लागते आणि मग छापून राज्यातल्या सगळ्या क्लबांना जाते. लुएलाची पाळी आली. ऑरिन शेजारी उभा होता, एक हात खिशात.

“नळी?” आर्विलाने विचारलं. दरवर्षीचं उत्तर तिला पाठ होतं. पेन्सिल ‘ओ.’ लिहायला टेकलीसुद्धा.

“लुएला हुफनागल,” ऑरिन म्हणाला.

“पॉप, आपण हरलो. नियम आहे.”

“नळी हरली नाही. मी हरवली.” तो आर्विलाकडे वळला. “नीट लिही. नळी केली लुएलाने. बिघडवली ऑरिनने. दोन्ही लिही.”

“बिघडवणाऱ्याचा रकाना नाहीये, ऑरिन.”

“मग आख!”

आर्विलाने पट्टी घेतली आणि खरंच आखला. भोवतालचे हसत होते. लुएलाला हसताही येत होतं आणि रडताही, तिने दोन्ही केलं.

“आणि प्रयोगांचं?” ती नाक पुसत म्हणाली.

ऑरिनने खिशातला हात बाहेर काढला. तळव्यावर कापलेला तुकडा होता, तिच्या नावाचा, टोकं कानशीने घासून गुळगुळीत केलेला. गाडी कागद आणायला गेली असताना, सगळे दुर्बिणीला चिकटलेले असताना, त्याचे हात कशाला लागले होते ते आता कळलं.

“यंत्रावर खिळ्याला टांगू,” तो म्हणाला. “तुझ्या यंत्रावर. म्हणजे पुन्हा कधी कोणाला नाव ठोकायची हुक्की आली, तर आधी हे दिसेल.”

ती तुकडा हातात घेऊन बघत राहिली. अक्षरं सरळ रेषेत होती, सुंदर होती. तिने त्याच्या भोकातून बापाकडे पाहिलं.

“पुढची नळी सहाकोनी करायची म्हणतेय,” ती म्हणाली.

“सहाकोनी!” ऑरिन म्हणाला. “डोकं फिरलंय का तुझं?” आणि ट्रककडे चालता चालता चार पावलांवर थांबला. “बाहेरून की आतून?”